धवल्याचा अभ्यास करायला अमेरिकेला? शिष्यवृत्ती कोण देतं आणि बदल्यात काय मागतं

हे आपल्या या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. लोकलमध्ये रेंज जाते, इअरफोनचा एकच कान चालतो, म्हणून बऱ्याच जणांनी वाचायला मागितलं होतं. बोलताना लावलेलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

या भागाचं निमित्त एक व्हॉइस मेसेज. पाठवणारी मुलगी आमच्या मांजर्लीतलीच. मुंबईत एमए झालं. गेली दोन वर्षं ती बदलापूरच्या आसपासच्या गावांत फिरून धवले रेकॉर्ड करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आगरी लग्नात विधी चालू असताना जी गाणी म्हणतात तो धवला, आणि तो म्हणणारी बाई ती धवलारीण. बऱ्याच ठिकाणी भटजीचं काम तीच करायची. हळदीपासून लग्न लागेपर्यंतचा एकेक विधी तिच्या गाण्यातून पुढे सरकायचा. आता लग्नात डीजे असतो आणि धवलारणी म्हाताऱ्या झाल्यात.

या मुलीला पीएचडी करायची आहे. एका अमेरिकन विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी तिच्या मेलला बरं उत्तर दिलंय. तिचे प्रश्न तीन. पहिला खरं तर तिच्या बाबांचा: गाणी इथली, म्हाताऱ्या इथल्या, मग अमेरिकेत जाऊन काय शोधणार? दुसरा, शिष्यवृत्तीवर गेलं तर परत यावंच लागतं का? आणि तिसरा, एक एजंट म्हणतोय की दुसऱ्या एका विद्यापीठात पन्नास टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो, तर राहता फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायचं का?

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्यात घर अडकलंय.

'पन्नास टक्के स्कॉलरशिप' याचा बहुतेक वेळा अर्थ असतो फीमध्ये सूट. दुकानात 'फ्लॅट ५० टक्के ऑफ' लिहितात ना, तसंच. समजा फी चाळीस लाख, तर वीस माफ आणि वीस तुमच्या डोक्यावर. शिवाय राहणं, खाणं, विमा, विमान वेगळं. व्हिसासाठी विद्यापीठाचा कागद मिळवतानाच उरलेला पैसा कुठून येणार हे तुम्हाला दाखवावं लागतं. तिथेच फ्लॅटचे कागद बाहेर निघतात. ही सूट अनेक विद्यापीठं स्वतःहून देतात, त्यात एजंटाने काही 'मिळवून' दिलेलं नसतं. मास्टर्ससाठी अमेरिकेत पूर्ण पैसे मिळणं कठीणच. पीएचडीचा हिशोब मात्र वेगळा आहे आणि तो आपल्याकडे फार कमी घरांत माहीत असतो. तिथल्या चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला प्रवेश मिळाला की साधारणपणे फी माफ होते आणि महिन्याचं मानधन मिळतं. त्या बदल्यात पदवीच्या मुलांचे वर्ग घ्यायचे, पेपर तपासायचे किंवा प्राध्यापकांच्या संशोधनात काम करायचं. म्हणजे ही नोकरीसोबतची शिष्यवृत्ती झाली. तेव्हा पीएचडीसाठी कुणी घर तारण ठेवायला सांगत असेल तर आधी विचारा की तिथल्या विभागाचं फंडिंग का नाही मिळालं. मिळालं नसेल तर त्या वर्षी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो. गेलेला फ्लॅट मिळत नाही.

आता परत येण्याचा प्रश्न. याचं उत्तर कोणत्याही वेबसाइटवर दोन ओळींत सापडेल, पण ते समजायचं तर हे पैसे देणारे लोक कोण असतात ते बघावं लागेल. शिष्यवृत्ती ही कुणीतरी काहीतरी ठरवून दिलेली असते. देणाऱ्याची एक गरज असते, आणि ती अटीत दिसते.

आपल्या लाइनवर अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी सोडली की कल्याण. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ सालचा, कल्याणचा. नवरा गोपाळराव पोस्टात. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं तिथून डोक्यात आलं, ही गोष्ट तुम्हाला सिनेमामुळे माहीत असेल. पैशाची बाजू मात्र सिनेमात मागे पडते. गोपाळरावांनी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदतीसाठी लिहिलं. उत्तराचा मथितार्थ असा होता की ख्रिस्ती व्हा, मग बघू. आता मिशन चालवणाऱ्याला माणसं धर्मात आणायची होती, त्याने अट लपवली नाही. या दोघांनी ती मानली नाही. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात आला, तोही म्हणे दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या, जाण्यासाठी दागिने विकले, आणि ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदू परंपरेतलं प्रसूतिशास्त्र. बाबांना हे सांगायला हरकत नाही: पहिली मराठी डॉक्टर अमेरिकेत जाऊन लिहीत होती ती इथल्या बाळंतपणांबद्दल.

परत आल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळणार होती. ती सांभाळायला त्या जगल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, बावीस पूर्ण व्हायला महिनाभर होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. कल्याणच्या मुलीचा दगड तिथे आजही आहे.

पाचच वर्षांत, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला. त्याच्या पहिल्या लाभार्थी दोन स्त्रिया, दोघी डॉक्टर: फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाईंनी नंतर कोल्हापुरात, त्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात काम केलं. जे. एन. टाटा एंडोमेंट आजही चालतं. पण ते मुळात कर्ज आहे, फेडायचं असतं. त्यालाही लोक घाईत 'टाटा स्कॉलरशिप' म्हणतात आणि मग हप्त्याचं पत्र आल्यावर दचकतात.

आता बाबासाहेब. १९१३ च्या जूनमध्ये बडोदा संस्थानाशी त्यांनी करार केला. सयाजीराव गायकवाड महिना साडेअकरा पौंड देणार, तीन वर्षं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला. बदल्यात परत येऊन संस्थानाची दहा वर्षं नोकरी. हा झाला बाँड. सयाजीरावांना शिकलेले अधिकारी हवे होते. दरबारच्या हिशोबाने ही सरळ गुंतवणूक होती, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलामध्ये ती करायची हिंमत तेव्हा फार थोड्यांत होती. हेही तितकंच खरं.

९ मे १९१६ ला कोलंबियात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी एक निबंध वाचला. विषय भारतातल्या जाती: त्या कशा झाल्या, कशा टिकल्या, कशा वाढल्या. वय पंचवीस. बाबांच्या प्रश्नाचा हा दुसरा जबाब. जात इथली, भोगणारा माणूस इथला. तरी तिच्यावर असं, सगळ्यांसमोर, समाजशास्त्राच्या भाषेत, कुणी जात विचारल्याशिवाय बोलायला त्याला पहिली खोली मिळाली ती न्यूयॉर्कात. आणि पुढची गंमत बघा, तोच निबंध १९१७ च्या मेमध्ये छापला गेला तो 'इंडियन अँटिक्वेरी'मध्ये, म्हणजे मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकात. वाचला तिकडे, छापला इकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

करार पाळायला ते १९१७ मध्ये परत आले. लंडनमधलं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. सामानाची बोट पहिल्या महायुद्धात पाणतीराने बुडाली, त्यात पुस्तकं गेली. सामानाची ६०० रुपये भरपाई मिळाली, त्यातूनच बडोद्याला जायचा खर्च भागला. तिथे संस्थानाच्या लष्करी खात्यात मोठा हुद्दा, आणि शिपाई फायली लांबून टेबलावर फेकणार. राहायला जागा कुणी देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. काही दिवसांत ते मुंबईला परतले. दहा वर्षांचा करार असा मोडला.

मला वाटतं बाँडबद्दल बोलताना ही गोष्ट सांगायलाच हवी. करारात विद्यार्थ्याने काय करायचं ते लिहिलेलं असतं. परत आल्यावर त्याला काम करता येईल अशी जागा देणं ही देणाऱ्याची बाजू कुठे लिहिलेली नसते. सयाजीरावांची इच्छा खरी होती, पण त्यांच्या कचेरीतल्या शिपायापर्यंत ती पोचली नव्हती. तुमच्या हातात कधी बाँडपेपर आला तर आपली बाजू वाचून झाल्यावर समोरच्याची बाजू शोधा. परत आल्यावर कोणतं पद, किती दिवसांत, नाही मिळालं तर बाँड सुटतो का? विचारायला लाजू नका.

पुढची उडी मोठी आहे, सांभाळून घ्या. दुसरं महायुद्ध संपलं. अमेरिकन सैन्याचं उरलेलं सामान जगभर पडून होतं. फुलब्राइट नावाच्या सिनेटरने १९४६ मध्ये कायदा करून घेतला की हे सामान ज्या त्या देशात विकून येणाऱ्या पैशातून विद्यार्थी आणि प्राध्यापकांची देवाणघेवाण करायची. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० ला. २००८ पासून भारत सरकारही यात बरोबरीने पैसे घालतं, म्हणून नाव झालं फुलब्राइट-नेहरू.

दुसरा पैसा आला गव्हातून. १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेने धान्य दिलं आणि किंमत रुपयांत घेतली. आजीला विचारा, रेशनवरची लाल मिलो ज्वारी आठवते का. आठवत असेल तर तोंड वाकडं करेल. ते रुपये अमेरिकेला घरी नेता येत नव्हते, इथेच खर्च करायचे होते. मग १९६२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कचेरी उघडली आणि भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठीसुद्धा. कादंबऱ्या, मासिकं, लोकगीतांचे संग्रह असलं बरंच काही बोटीने शिकागोला, फिलाडेल्फियाला गेलं. त्यातली काही पुस्तकं आपल्याकडे वाचनालयाच्या गळक्या छताखाली संपली, तिकडे ती वातानुकूलित कपाटात आहेत. म्हणजे आपण मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि तिकडे मराठी ग्रंथालय उभं राहिलं. हा काही कुणी आखलेला सौदा नव्हता, पण झाला. बाबांना तिसरा जबाब म्हणून हे पुरेल. धवल्यांची तुलना दुसऱ्या मुलखांतल्या लग्नगीतांशी करायची, आधी कुणी काय जमवलं ते बघायचं, तर काही साधनं खरंच तिकडे आहेत. धवलारणी मात्र इथेच आहेत. जी काही पीएचडी होईल तिची निम्मी वर्षं उल्हास नदीच्या काठीच जाणार.

त्याच काळात माणसं इकडेही आली. १९६१ मध्ये अमेरिकन विद्यापीठांनी मिळून अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज काढली. तिचं पहिलं मुख्यालय पुण्यात, डेक्कन कॉलेजात. अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकवायचे तिचे वर्ग पुण्यात चालतात हे पुणेकरांनाही माहीत नसतं. १९६३ मध्ये गेल ऑम्व्हेट फुलब्राइटवर इंग्रजी शिकवायला भारतात आल्या. मग बर्कलेतून महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ मध्ये तिथेच वारल्या. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध दिला, तेव्हा आपल्याकडच्या विद्यापीठांत हा विषय घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. मॅक्सिन बर्नसन फलटणला राहिल्या, तिथल्या मराठीचा अभ्यास केला, परदेशी लोकांसाठी मराठी शिकायची पुस्तकं जाई निंबकरांसोबत लिहिली आणि फलटणला शाळाही काढली. एका शिष्यवृत्तीचं फळ कुठे धरेल, सांगता येत नाही. फलटणच्या पोरांनी वाचायला शिकावं हे काही अमेरिकन करदात्याच्या मनात नव्हतं.

सरकारं आणि राजे यांच्यापलीकडे आणखी एक देणारा असतो: आपलेच परदेशी गेलेले लोक. याचं मला आवडणारं उदाहरण पोलंडचं. थाडेउश कोश्चुश्को नावाचा पोलिश लष्करी अभियंता अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. दीडशे वर्षांनी, १९२५ मध्ये, अमेरिकेतल्या पोलिश मंडळींनी त्याच्या नावाने न्यूयॉर्कला फाउंडेशन काढलं. त्यामागचा माणूस स्टीफन मिझ्वा, पोलंडहून आलेला, पडेल ती कामं करत हार्वर्डपर्यंत पोचलेला. मुख्य काम, पोलिश विद्यार्थी अमेरिकेत आणि अमेरिकन विद्यार्थी पोलंडमध्ये पाठवणं. मध्ये महायुद्ध झालं, पोलंडवर नाझी आले, मग कम्युनिस्ट राजवट, पण फाउंडेशन टिकलं आणि आता शंभर वर्षांचं झालंय. सरकारं भांडत असताना हे चालू राहू शकलं, कारण पैसा सरकारचा नव्हता. अमेरिकेत मराठी माणसं कमी नाहीत, पैसाही बरा आहे. अधिवेशनं दणक्यात होतात, महाराष्ट्रातल्या सामाजिक कामालाही मदत येते. पण 'दर वर्षी इतकी मराठी मुलं तिकडे, इतकी तिकडची इकडे', असं शंभर वर्षं चालेल असं काही? ऐकणाऱ्यांत न्यू जर्सीचे लोक असतील तर तुमच्याकडे बघतोय मी.

पोलंडचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरकर मेसेज करतील, म्हणून सांगून टाकतो. हो, वळिवडे. १९४३ ते ४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा तिथेच चालायच्या. त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. आणि २०२४ मध्ये भारताने नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाने, त्यांनीही तेव्हा पोलिश मुलांना आसरा दिला होता, दर वर्षी वीस पोलिश तरुणांना बोलवायचा कार्यक्रम जाहीर केला. ऐंशी वर्षांनी का होईना.

आता आपल्या मुलीच्या कामाचं. परत यावं लागतं का?

फुलब्राइटवर गेलात तर जे-१ व्हिसा असतो आणि त्याला एक अट चिकटलेली असते: शिक्षण झालं की दोन वर्षं मायदेशी राहायचं. तोपर्यंत अमेरिकेत नोकरीचा एच-१बी किंवा ग्रीन कार्ड नाही. फिरायला किंवा कॉन्फरन्सला जाता येतं. बाबासाहेबांची दहा वर्षं, इथे दोन. कारण कायद्याच्या मूळ हेतूतच आहे, शिकून आलेला माणूस आपल्या देशात परत दिसला पाहिजे. विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशावर एफ-१ व्हिसावर गेलात तर ही दोन वर्षांची अट नसते; व्हिसाच्या खिडकीत मात्र 'परत येणार' हे पटवावं लागतंच. ज्या मुलीचं शेतच इथे आहे, म्हणजे अभ्यासाचं शेत, तिला पहिली अट जड जाऊ नये. ज्याला तिकडेच नोकरी करून कर्ज फेडायचंय त्याला ती फास वाटेल. माणसागणिक उत्तर बदलतं.

केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, मुख्यतः अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांनाही थोड्या जागा. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. जागा देशभरात मिळून १२५. फी, राहणं, विमान सगळं देते, कागदावर याहून चांगली योजना नाही. पण २०२२ च्या नियमावलीत एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा समाजशास्त्रीय अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाता येणार नाही. युक्तिवाद असा की त्यासाठी इथेच साधनं आहेत, विद्यापीठं आहेत. म्हणजे थोडक्यात बाबांचाच प्रश्न, सरकारी शिक्का मारून.

मला हे कलम पटत नाही, आणि कारण वर येऊन गेलंय. बाबासाहेबांच्या समाजातल्या मुलांसाठी असलेल्या योजनेत बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध बसला नसता. दरबाराने त्यांना 'अर्थशास्त्र शिका, जातीवर बोलू नका' असं लिहून दिलं असतं तर? इंजिनिअरिंग, विज्ञान, व्यवस्थापन याला पैसे द्यावेत, जरूर द्यावेत. पण स्वतःच्या समाजाकडे लांबून बघायची मुभा ज्याला सगळ्यात जास्त हवी, नेमकी त्यालाच नाकारायची हे उलटं आहे. धवला हा विषय घेऊन या दारातून जाता येणार नाही. अर्ज करणाऱ्यांनी त्या वर्षीची नियमावली मुळातून वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ नको. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसुद्धा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिथेही उत्पन्नाचे, विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाचे निकष अधूनमधून बदलत असतात.

तिच्यासाठी मला दोन वाटा बऱ्या दिसतात. एक, थेट तिकडच्या विभागात पूर्ण फंडिंगसह पीएचडी, आणि फंडिंगचं पत्र हातात आल्याशिवाय हलायचं नाही. दुसरी, मला जास्त आवडणारी: पीएचडीची नोंदणी इथल्या विद्यापीठात करायची आणि मग फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिपला अर्ज करायचा. ती इथे पीएचडी करत असलेल्यांसाठीच असते, सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात. तेवढ्यात लायब्ररी बघून होते, माणसं भेटतात, आणि बाकी वर्षं धवलारणींजवळ जातात. त्यांच्यातल्या काहींना तिची पाच वर्षं थांबायला वेळ नाही. ही फेलोशिप चालवणाऱ्या संस्थेचं कार्यालय मुंबईत आहे, अर्जाला फी नाही. 'फॉर्म भरायचे पंधरा हजार' म्हणणारा कुणी भेटला तर समजून जा.

दुसऱ्या देशाच्या सरकारी पैशात एक धोका असतो, तोही सांगायला हवा. जून २०२५ मध्ये फुलब्राइटच्या अमेरिकेतल्या मंडळाच्या जवळजवळ सगळ्या सदस्यांनी राजीनामे दिले. निवड झालेल्या लोकांची नावं सरकार आपल्या मर्जीने कापतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा एकाच अर्जावर भिस्त ठेवू नका. शिफारसपत्रं तीन लागतात असं धरून चला आणि प्राध्यापकांना दोन महिने आधी सांगा, आदल्या रात्री नाही.

आणि रेकॉर्डिंग्ज. अमेरिकेतलं विद्यापीठ ती आपल्या संग्रहात ठेवायला मागेल, आनंदाने द्यावीत. पण देण्याआधी एक पूर्ण प्रत इथल्या एखाद्या संस्थेत, गाणाऱ्या बाईच्या परवानगीच्या कागदासह, आणि एक पेनड्राइव्हवर त्या बाईच्या नातवाकडे. पहिला लेखही मराठीतच लिहायचा, तिकडच्या जर्नलला पाठवायच्या आधी. त्या प्राध्यापकांना तिने आजच परत मेल करावा आणि एवढंच विचारावं: गेल्या तीन वर्षांत तुमच्या विभागात आलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना पूर्ण फंडिंग मिळालं, आणि किती वर्षांसाठी?